पहिल्या पायदानावर कोण?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



समितीनं मला विषय दिलाय, ‘जुनी गाजलेली गाणी’. वेळ दिलाय वीस मिनिटं. शेवटच्या रविवारी गाण्यांचा कार्यक्रम आहे, पंचवीस वर्षांची पंचवीस गाणी, आणि ती मोबाईलवरच्या ग्रुपवर मतदान घेऊन ठरवायची असं घाटतंय. त्यावरून जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी आणि खालच्या बाकावर बरीच चर्चा झालेली माझ्या कानावर आली आहे. तेव्हा मी आज नुसत्या आठवणी सांगणार नाही. माझा जन्म बँकेत गेला. आमच्याकडे एक सवय लावतात. आकडा समोर आला की आधी विचारायचं, हा आला कुठून? मोजला कुणी? त्याचं व्हाउचर कुठाय? गाण्याच्या ‘नंबर एक’लाही तोच प्रश्न विचारावा, एवढंच आज करायचं आहे.

आपल्या देशात गाण्यांना नंबर द्यायची खरी सुरुवात झाली ती ‘बिनाका गीतमाला’पासून. ३ डिसेंबर १९५२ हा पहिल्या कार्यक्रमाचा दिवस. बुधवारी रात्री आठला, रेडिओ सिलोनवरून. गंमत बघा, इंग्लंडमध्ये खपावर आधारलेली गाण्यांची पहिली यादी छापून आली ती त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, म्हणजे अवघे तीन आठवडे आधी. तिथल्या साप्ताहिकातल्या एका माणसानं वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन केले, काय काय खपलं विचारलं आणि बेरीज मांडली. अमेरिकेतली ‘बिलबोर्ड’ची प्रसिद्ध शंभर गाण्यांची यादी तर १९५८ची. म्हणजे या बाबतीत आपण फारसे मागे नव्हतो.

पण हिंदी गाणी ऐकायला सिलोन का लावावं लागायचं? नव्या पिढीला हे सांगायला हवं. त्या वेळी माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीताचे मोठे भोक्ते. सिनेमाची गाणी उथळ, त्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी काय ऐकावं हे खात्यानं ठरवलं, आणि लोकांनी रेडिओची सुई समुद्रापलीकडे नेऊन ठेवली. सिलोनकडे महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी उभारलेलं ताकदवान प्रक्षेपण केंद्र होतं. त्याचा आवाज शॉर्टवेव्हवर सगळ्या हिंदुस्थानात पोचायचा. कार्यक्रम मात्र तयार व्हायचा मुंबईत. इथं टेप भरायची, विमानानं कोलंबोला पाठवायची आणि तिथून ती आपल्याच घरात परत यायची! शेवटी सरकारच्याही ध्यानात आलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली. दारातून बाहेर काढलेलं गाणं पाच वर्षांत मानानं आत आलं.

आता या गोष्टीतला मराठी योगायोग. सिनेमाच्या गाण्याला बंदी करणारे केसकर मराठी. आणि १९५३ साली गीतमालेच्या वार्षिक यादीत जे गाणं पहिलं आलं ते ‘अनारकली’तलं. गाणाऱ्या लता मंगेशकर आणि चाल सी. रामचंद्रांची. सी. रामचंद्र म्हणजे आपले राम नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. एका मराठी माणसानं दार लावलं आणि दुसऱ्यानं खिडकीतून सूर आत सोडला.

कार्यक्रमाचा आवाज होता अमीन सयानींचा. ‘बहनों और भाइयों’ अशी त्यांची हाक. आधी बहनों, मग भाई, हेही त्या काळात वेगळंच होतं. त्यांची भाषा इतकी सोपी की मुरबाडच्या हॉटेलाबाहेर उभं राहून ऐकणाऱ्या आम्हा पोरांना ती हिंदी आहे असं वाटायचंच नाही. त्याचं मूळ त्यांच्या घरात होतं. त्यांच्या आई कुलसुम सयानी नव्यानं अक्षर ओळखणाऱ्या प्रौढांसाठी ‘रहबर’ नावाचं पत्र काढायच्या, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, गांधीजींच्या सांगण्यावरून. शिकलेल्यानं न शिकलेल्याशी कसं बोलावं हे मुलगा तिथं शिकला. अमीनसाहेब २० फेब्रुवारी २०२४ला गेले, वयाच्या ९१व्या वर्षी. त्या दिवशी आपल्या बाकावरचे चारही जण बराच वेळ गप्प बसून होतो.

तेव्हा रेडिओ काही घरोघरी नव्हता. असलाच तर पोस्टात दर वर्षी पैसे भरून त्याचं लायसन्स काढावं लागे. मर्फी, बुश, फिलिप्स ही नावं आज टीव्हीच्या कंपन्यांपेक्षा मोठी वाटत. गावात एका घरी रेडिओ असला की बुधवारी त्या घरी ओटा झाडून ठेवायचे, लोक येणार म्हणून. पुढं ट्रान्झिस्टर आला आणि गाणं गुरांमागं रानात जाऊ लागलं.

आता मुद्द्यावर येतो. नंबर ठरायचा कसा?

सुरुवातीला सातच गाणी वाजायची, आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पत्र पाठवायचं. क्रम जुळला तर बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली असं सयानी सांगत. पुढं ती आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली. एवढी पत्रं फोडणार कोण? मग १९५४पासून रीतसर नंबर सुरू झाले. रेकॉर्डच्या दुकानांकडून खपाचे आकडे आले. पण त्यातही खोट होतीच. दुकानातला खप हा रेकॉर्ड परवडणाऱ्यांचा खप. शिवाय पैसेवाला निर्माता आपल्याच सिनेमाच्या रेकॉर्डी विकत घेऊ शकतो. आणि नुसत्या पत्रांवर जावं तर एकच उत्साही माणूस पन्नास पत्रं टाकू शकतो. झुमरीतलैया हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते काल्पनिक गाव नाही. आजच्या झारखंडात कोडरमा जिल्ह्यात आहे, अभ्रकाच्या खाणींचं. तिथल्या हौशी मंडळींनी फर्माईशीची इतकी पत्रं लिहिली की सगळ्या देशाला गावाचं नाव पाठ झालं. गाव लहान, पण पत्रांचा ढीग मोठा! म्हणून सयानींनी दुकानांच्या जोडीला गावोगावच्या रेडिओ क्लबांची मतं धरायला सुरुवात केली. म्हणजे एका व्हाउचरवर विसंबायचं नाही, दोन बाजूंनी ताळा घ्यायचा. मला हा माणूस आवडतो तो आवाजासाठी, आणि त्याहून जास्त या ताळ्यासाठी.

आता त्या याद्यांमधली काही पहिल्या पायदानावरची गाणी बघू. १९५५ला ‘श्री ४२०’, राज कपूरचं जपानी बुटांचं गाणं. स्वातंत्र्याला आठ वर्षं झालेली, अंगावर कपडे परदेशी आणि मन मात्र आपलं, असं सांगणारं. १९५६ला ‘सीआयडी’, मुंबईत जगणं किती कठीण ते सांगणारं, रफी आणि गीता दत्त यांचं. आसनगावहून पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९५८ला ‘सोलवा साल’, देव आनंद लोकलच्या डब्यात गातो, आवाज हेमंतकुमारांचा. त्यातलं माउथ ऑर्गन वाजवणारा पोरगा पुढं राहुलदेव बर्मन म्हणून प्रसिद्ध झाला. १९६६ला ‘सूरज’. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी त्या गाण्याला आजतागायत सुट्टी दिलेली नाही. १९६७ला ‘मिलन’. त्यातला मुकेशचा गावरान उच्चार आणि लताबाईंच्या शुद्ध उच्चाराला त्यानं केलेली ‘दुरुस्ती’ ऐकून शाळेतले मास्तरसुद्धा हसायचे.

आणि १९७५. त्या वर्षी पहिलं कुठलं आलं ठाऊक आहे? प्रेमाचं नाही, विरहाचं नाही. ‘रोटी कपडा और मकान’मधलं महागाईचं गाणं! लता, मुकेश, नरेंद्र चंचल आणि जानीबाबू कव्वाल. १९७२चा दुष्काळ होऊन गेलेला. रोजगार हमीच्या कामावर बायका खडी फोडत होत्या. रेशनवर लाल मिलो मिळत होता. पाठोपाठ तेलाचे भाव भडकलेले. मी तेव्हा बँकेत नवा होतो. महिन्याच्या वीस तारखेनंतर बचत खात्यातून पाच-पाच, दहा-दहा रुपये काढायला येणारी माणसं मी काउंटरवरून पाहिली आहेत. त्या वर्षाचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर सरकारी अहवालाच्या शेजारी गीतमालेची यादी ठेवावी. दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

तसंच १९८७चं. ‘नाम’मधली पंकज उधासांची चिठ्ठी. पोरं आखातात, परदेशात गेलेली, घरी म्हातारे आईबाप. आपल्या सोसायटीतल्या किमान चार घरांत ते गाणं लागलं की कुणीतरी उठून स्वयंपाकघरात जातं. मी नावं घेत नाही.

आणखी एक गंमत. १९५६चं ‘सीआयडी’चं गाणं लिहिलं मजरुह सुलतानपुरींनी. आणि १९८८ला पहिलं आलेलं ‘कयामत से कयामत तक’मधलं, बापाच्या अपेक्षांबद्दल बोलणारं पोराचं गाणं, तेही मजरुहसाहेबांनीच लिहिलेलं. मध्ये बत्तीस वर्षं! ‘आजकालच्या गाण्यांत काही दम नाही’ असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मित्रांनी हे जरा ध्यानात घ्यावं. लिहिणारा सत्तरीकडे झुकलेला आणि गाणं कॉलेजच्या पोरांच्या ओठांवर.

इथपर्यंत यादीचं कौतुक झालं. आता ताळेबंदाची दुसरी बाजू.

१९६० साली पहिलं गाणं ‘बरसात की रात’चं. छानच आहे. पण त्याच वर्षी ‘मुघल-ए-आझम’ आला होता! ‘गाइड’चं एकही गाणं वर्षाचं पहिलं ठरलं नाही. ‘आराधना’चं नाही. ‘पाकीजा’चं नाही. १९६९ला पहिलं आलं ‘इंतकाम’मधलं. हात वर करा, ‘इंतकाम’ किती जणांना आठवतो? तीन. आणि ‘आराधना’? पाहिलंत! यादी खोटी होती असं मी म्हणत नाही. यादीनं त्या वर्षाची शिल्लक सांगितली. मुदत ठेव पिकल्यावर किती होईल हे ती कसं सांगणार? ते पन्नास वर्षांनी कळतं.

आणि काही गाणी तर यादीत यायचा प्रश्नच नव्हता. गीतमाला हिंदी सिनेमाच्या गाण्यांची. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द आणि बाबूजींच्या चाली, छप्पन्न गाणी. लोकांनी रेडिओला हार घातले, समोर उदबत्ती लावली. त्याला कुठलं पायदान देणार? आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये मराठी गाण्यांची फर्माईश व्हायची, नावं वाचून दाखवायचे, पण नंबर नव्हता. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तारपा वाजतो, ढोलनाच होतो, लग्नात धवलेरी रात्र रात्र गाते. ती गाणी शेकडो वर्षं पहिल्या नंबरवर आहेत, पण तिथं ना रेकॉर्डचं दुकान होतं, ना रेडिओ क्लब, ना टपालाला पैसे. मोजणाऱ्याच्या हातातली पट्टी जिथवर पोचते तिथवरचंच मोजलं जातं. बाकीचं नसतं असं नाही, फक्त ते कागदावर येत नाही.

आपल्या भातसानगरच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. मुंबईतल्या नळाला पाणी आलं की तिथले लोक म्हणतात पालिकेचं पाणी. ते भातसेतून निघालं हे मीटर सांगत नाही.

आज काय स्थिती आहे? गीतमाला १९८९ला सिलोनवरून विविध भारतीवर आली आणि १९९४पर्यंत चालली. मध्ये कॅसेट आली, छायागीत-चित्रहार आले, केबल आली. आता मोबाईल. आता तर मोजणी आपोआप होते, मग ती अचूक असेल असं आपल्याला वाटतं. यूट्यूबवर जगात सर्वांत जास्त वेळा पाहिलेला व्हिडिओ कुठला? ‘बेबी शार्क’, लहान मुलांचं गाणं. एक हजार कोटींच्या वर तो कधीच गेला. पृथ्वीवर माणसंसुद्धा एवढी नाहीत! मग हे कसं? अहो, आपल्याच बिल्डिंगमध्ये एकेक नातू एकेका जेवणाला ते दहादा लावून बसतो. म्हणजे झुमरीतलैयाचीच गोष्ट. पत्रं मोजली, माणसं नाही मोजली. पूर्वी निदान पत्र लिहायला कार्ड विकत घ्यावं लागायचं.

तरुणांना वाटेल, आजोबा आमच्या गाण्यांवर घसरले. तसं नाही. २०१६च्या ‘सैराट’मधलं अजय-अतुलचं ते नाचायचं गाणं आपल्या गणपती विसर्जनाला लागलं तेव्हा पहिल्या रांगेत कोण नाचत होतं त्याचे फोटो सेक्रेटरींकडे आहेत. ते बाहेर काढू नयेत एवढीच विनंती.

तर आता आपल्या पंचवीस गाण्यांचं काय?

आपली संस्था सहकारी आहे. सहकाराचा पाया एकच, एक सभासद एक मत. कुणाचे शेअर जास्त असोत, कुणाचा फ्लॅट मोठा असो, मत एकच. ग्रुपवरच्या मतदानात मात्र एका घरातले पाच मोबाईल म्हणजे पाच मतं, आणि ज्या आजींकडे बटणांचा साधा फोन आहे त्यांचं शून्य. आणि सभासद तरी कोण? पटावर नाव बहुतेक घरमालकाचं. सुनेचं नाव नाही, भाडेकरूंचं नाही, मुलांचं नाही. रात्रभर गेटवर बसून बारीक आवाजात आपल्या गावाकडची गाणी ऐकणाऱ्या वॉचमनदादांचं नाही, जिना झाडणाऱ्या मावशींचं नाही. वार्षिक सभेला सभासद हवा, ते कायद्यानं बरोबर आहे. पण गाण्याला कान असला की पुरे. म्हणून माझी सूचना अशी, की माणशी एक चिठ्ठी. घरोघर डबा फिरवा. ज्याला लिहिता येत नाही त्यानं गुणगुणून दाखवावं, पोरांनी लिहून घ्यावं. मोजणी इथं सभागृहात सगळ्यांसमोर, एक जुना माणूस आणि एक नवा माणूस, दोघांची सही.

आणि दुसरी सूचना. पंचवीसपैकी वीस गाणी मतांवर घ्या. पाच जागा मतदानाबाहेर ठेवा. ज्या गाण्याला एकच मत पडलंय पण ते देणाऱ्यानं ते का दिलं हे दोन वाक्यांत सांगितलंय, अशांसाठी. बँकेत आम्ही ठेवी मोजायचो तेव्हा मोठी खाती पहिल्या पानावर यायची. पण दहा रुपयांचं खातं म्हणून कुणाचं पासबुक परत केलं नाही.

त्या पाचांतली एक जागा कुणाला द्यावी हेही सुचवतो आणि थांबतो. आपल्या मागच्या बिल्डिंगमधल्या आजी तुम्हाला आठवत असतील. आपल्याकडचं एकही डोहाळजेवण, एकही हळद त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांशिवाय झाली नाही. वीसेक वर्षं हे चाललं. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. परवा मी चौकशी केली. त्यांच्या ओव्या कुणाकडेच नीट भरून ठेवलेल्या नाहीत. एका लग्नाच्या व्हिडिओत मागे त्यांचा आवाज आहे, अर्धा-पाऊण मिनिट, त्यावर भांड्यांचा आवाज. एवढंच. सगळ्यांच्या खिशात रेकॉर्डिंगचं यंत्र असताना वीस वर्षांतलं एवढंच उरलं! कारण ते गाणं आपल्याला रोजचं वाटलं, आणि रोजच्याची कुणी यादी करत नाही.

त्यांच्या सुनेला त्यातल्या अकरा ओव्या येतात. त्यांनी मला मोजून सांगितलं आहे. त्या म्हणतात, ‘माझा आवाज बरा नाही, मी स्टेजवर गाणार नाही.’ वहिनी, अमीन सयानींनी पहिल्यांदा दिलेली आवाजाची परीक्षा काही गाण्याची नव्हती, आणि तुमचीही नाही. स्टेजवर नका येऊ. पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी या, चहा आमच्याकडे. पहिल्या बिल्डिंगमधली दोन पोरं मोबाईल घेऊन येणार आहेत, त्यांना मी सांगून ठेवलंय. बाकी ज्यांना एखादी ओवी, एखादं भलरी गीत, आईचं अंगाईगीत येत असेल त्यांनीही यावं. नंबर कुणालाच मिळणार नाही. फक्त भरून ठेवू, आणि सोसायटीच्या कपाटात त्याची एक प्रत राहील, जशी खरेदीखताची राहते.

चिठ्ठ्यांचा डबा उद्या सकाळपासून ऑफिसच्या टेबलावर आहे. गेटपासून सुरुवात करावी ही विनंती. वॉचमनदादांची चिठ्ठी पहिली पडू दे.